हळदी-कुंकवाला ‘हायवे’: गाडी रिकामी होती, बाकी बरंचसं खरं

वाण म्हणून स्टीलची चहागाळणी आणि नंतर सिनेमा, असा यंदा आमच्या बचतगटाच्या हळदी-कुंकवाचा बेत होता. गाळणीबद्दल कोणाची तक्रार नाही. सिनेमावरून मात्र रथसप्तमी होऊन गेली तरी गिरणीत, हापशीवर, कापूस वेचताना अजून वाद चालू आहेत. मी गटाची अध्यक्ष, त्यामुळं बोलणी मलाच. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं.

सिनेमा ‘हायवे’. इम्तियाज अलीचा, २०१४ सालचा, आलिया भट आणि रणदीप हुडावाला. एवढं सांगावं लागतं, कारण याच नावाचा मराठी सिनेमाही आहे, उमेश कुलकर्णींचा, २०१५ चा, आणि आमच्या सचिवबाईंच्या मुलानं पेनड्राइव्हमध्ये आधी तोच भरून आणला होता. तो मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरचा. आम्हाला ट्रकवाला पाहिजे होता. पोराला परत पाठवलं.

ट्रकवालाच का, तर आमचं गाव राळेगाव तालुक्यात, वडकीपासून थोडं आत आहे. रात्री वारा तिकडून असला की हायवेवरच्या गाड्या अंगणात ऐकू येतात. जुना सात नंबर, आता त्याला चव्वेचाळीस म्हणतात. श्रीनगर ते कन्याकुमारी, पावणेचार हजार किलोमीटरच्या घरात. माझ्या बाबांनी याच रस्त्यावर तेहेतीस वर्षं ट्रक चालवला. आई गेल्यापासून ते माझ्याकडंच असतात. लेकीच्या घरी राहतो म्हणून लोकांना जे बोलायचं ते बोलून झालं आहे. बायांच्या कार्यक्रमात माणूस नको असा आमचा नियम, पण ट्रकचा सिनेमा म्हटल्यावर बाबा हळदी-कुंकू सुरू व्हायच्या आधीच प्लास्टिकची खुर्ची घेऊन समाजमंदिराच्या दारात येऊन बसले होते. उठवणार कोण?

प्रोजेक्टर शाळेचा, साऊंडबॉक्स भजनी मंडळाचा, आणि पडदा म्हणजे बाबांचीच दोन पांढरी धोतरं मधोमध शिवलेली. ती शिवण बरोब्बर आलियाच्या नाकावरून जायची. तिचं नाक सरळ आहे की बाकदार, यावर माझा अभिप्राय धरू नका.

गोष्ट थोडक्यात अशी. दिल्लीच्या मोठ्या घरची पोरगी वीरा. लग्न तोंडावर आलंय, घर पाहुण्यांनी भरलंय, आणि हिचा जीव गुदमरतोय. रात्री होणाऱ्या नवऱ्याला गाडी काढायला लावते, जरा हायवेवर फिरून येऊ म्हणते. पेट्रोल पंपावर दरोडा पडतो आणि दरोडेखोर हिलाच उचलून नेतात. बाप किती मोठा आहे ते कळल्यावर टोळीचे लोक घाबरतात, सोडून दे म्हणतात. पण महाबीर भाटी, म्हणजे हुडा, हट्टाला पेटतो. ट्रकमध्ये टाकतो तिला आणि निघतो. दिल्ली, हरियाणा, राजस्थान, पंजाब, हिमाचल, काश्मीर. या सहाही राज्यांत खरोखर जाऊन चित्रीकरण केलेलं आहे. अनिल मेहतांच्या कॅमेऱ्याला रस्त्याकडेची धूळ, विटांचे भट्टे, दमलेली गावं बघायची घाई नाही. आमच्या धोतरावरसुद्धा ते दिसत होतं.

ट्रक पहिल्यांदा दिसला आणि मागून आवाज आला, “गाडी रिकामी हाय.”

कोणी लक्ष दिलं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा, “बाई, गाडी रिकामीच फिरून रायली न व. डिझेल कोण देते यायले?”

“बाबा, ते किडनॅपर आहेत.”

“असतीन. पण डिझेल त लागते न.”

यावर बाया इतक्या हसल्या की पुढचे दोन प्रसंग कोणाला ऐकूच आले नाहीत. पण बाबांचं चुकत नव्हतं. भरलेली गाडी जमिनीला धरून चालते, रिकामी गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर उसळते, आणि मागच्या हौद्यात बसलेल्या माणसाचं हाड न् हाड सुटं होतं. ही पोरगी तिथं दिवसच्या दिवस काढते आणि कंबरेला हात लावत नाही. बिल्टी म्हणजे मालाची पावती नाही, ताडपत्री-रस्सा नाही, हमालाशी घासाघीस नाही, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन नाही. जीएसटी येण्याआधी, म्हणजे २०१७ च्या आधी, राज्याच्या सीमेवर कागद दाखवायला गाड्यांच्या रांगा लागायच्या. बाबांनी पेनगंगेच्या पुलाअलीकडं रात्रीच्या रात्री काढल्यात. ‘हायवे’तला ट्रक राज्यामागून राज्य ओलांडतो आणि त्याला पोटापाण्याचं काही काम नाही. ट्रकला काम नसलं की तो ट्रक राहत नाही, नुसतं वाहन होतं. ही माझी पहिली तक्रार, आणि बाबांची एकमेव.

एका गोष्टीला मात्र त्यांनी मान डोलावली. सुरुवातीला महाबीर जवळजवळ बोलतच नाही. पोरगी ओरडते, रडते, बडबडते, आणि हा पुढं बघून गाडी हाकतो. “बरोबर हाय,” बाबा म्हणाले. “डायवर असाच असते.”

आता वादाचा मुद्दा. राजस्थानात एका रात्री महाबीर तिला सोडून देतो. जा, पळ म्हणतो. ती पळते. समोर मोकळं रान, ना दिवा, ना झाड, ना माणूस. पळून पळून दम लागतो आणि तीच परत येते. इथपर्यंत बायांना पटलं, कारण रात्री एकटं जायचं तरी कुठं? पण पुढं पोलीस ट्रक तपासायला थांबवतात. हिनं फक्त एक आवाज द्यायचा आहे. ती देत नाही. लपून बसते. पोलीस जातात, ट्रक पुढं निघतो.

समाजमंदिरात एकच गलका झाला. “पागल हाय का व हे पोट्टी?” “डोक्श्यावर पडली!” “श्रीमंतायचे चाळे हायेत सारे, दोन दिवस उपाशी ठेवा मंग समजन.” सगळ्यात वयस्कर बुढी माय तर उठून उभीच राहिली, पडद्यावर तिची सावली पडली. आणि एसटी थांब्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या काकू, ज्या मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत, त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “कायचे चाळे? ओरडली असती त परवा हळद लागली असती तिले.”

सिनेमाचं मर्म हेच आहे आणि ते काकूंना माझ्याआधी कळलं. वीराला स्वतःलाही उलगडत नाही आपण का लपलो ते. ती बाहेर येऊन स्वतःवरच चकित होते. दिग्दर्शक लगेच समजावून सांगायला धावत नाही, हे मला फार आवडलं. पुढं कधीतरी ती म्हणते, की जिथून आणलंस तिथं परत जायचं नाही आणि जिथं नेतोस तिथं पोचायचंही नाही, हा मधला रस्ताच बरा आहे. तेव्हा कोणी हसलं नाही.

मला हे कळायला वेळ लागला नाही, कारण त्या मधल्या रस्त्यावर मी एकदा जाऊन आले आहे.

१९९६ ची दिवाळी. मी अकरा वर्षांची. आई दवाखान्यात भरती, आजी तिच्याजवळ, मला सांभाळायला घरी कोणी नाही. बाबांची गाडी हिंगणघाटला जिनिंगमध्ये भरत होती, रुईच्या गाठी, हैदराबादला टाकायच्या. एक गाठ १७० किलोची, अशा पन्नासच्या वर. बाबांनी मला उचलून केबिनमध्ये बसवलं आणि म्हणाले, “खिडकीतून हात बाहेर काढायचा नाई.” पुढचे चार दिवस एवढाच एक नियम होता. घरी मला निदान वीस नियम होते.

क्लीनर पोट्टा आदिलाबादकडचा गोंड, एकोणीस-वीसचा. गोंडी, तेलुगू, मराठी तिन्ही बोलायचा आणि तिन्हीत कमी बोलायचा. त्यानं त्याची जागा मला दिली आणि स्वतः वर गाठींवर, ताडपत्रीत अंग घालून झोपला. आमच्या घरी तो आला की त्याला ओसरीवर वेगळ्या ताटात वाढत. कोणी तसं ठरवून सांगितलेलं नव्हतं, पण वाढत. केबिनमध्ये तिघांचा डबा एक. भाकरीवर ठेचा आणि वर कच्चं तेल, तिघांचे हात त्याच डब्यात. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वेगळं वाटलं ते घरी परत आल्यावर, तो पुन्हा ओसरीवर बसला तेव्हा.

आणि बाबा. घरी ते दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन जेवणाची. पेनगंगा ओलांडली आणि त्यांचं तोंड उघडलं. निर्मळच्या पुढं गोदावरी येईस्तोवर मला कळलं होतं की ते नववीत नापास झाल्यावर घरून पळाले होते, नागपूरला एका सरदारजीच्या गाडीवर क्लीनर राहिले होते, पहिले सहा महिने रोज रात्री रडत होते, आणि ही गोष्ट त्यांनी आईलासुद्धा सांगितलेली नव्हती. हे सगळं त्यांनी एकदाही माझ्याकडं न बघता सांगितलं. बघणार कसे? समोर रस्ता होता.

‘हायवे’ला ही केबिनची जादू कळलेली आहे. वीरा मागच्या हौद्यातून पुढं येते तेव्हापासून सिनेमा बदलतो. दोन माणसं शेजारी बसलीत, दोघंही पुढं बघतायत. भाषा वेगळी, जात वेगळी, पैसा वेगळा. एरवी या दोघांना एका ओट्यावर कोणी बसू दिलं नसतं. ती बडबडते, तो हूं म्हणतो. आलिया भट तेव्हा एकवीसचीही नव्हती. तिची बडबड कधी लाडावलेल्या पोरीची वाटते, कधी वर्षानुवर्षं तोंडावर हात ठेवलेल्या माणसाची, आणि मधला सांधा सापडत नाही. तिला या कामासाठी फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच. हुडा तर इतका कमी करतो की आमच्या बायांना बराच वेळ तो खराखुरा ड्रायव्हरच वाटला. त्याची हरियाणवी अर्धी डोक्यावरून जाते. बाबांना सगळी कळत होती, तिकडच्या ड्रायव्हरांबरोबर धाब्यावर जेवून जेवून.

मध्येच एक गंमत. महाबीरचा जोडीदार आडू पडद्यावर आला आणि पोरींनी एकच कल्ला केला, “बनराकस! बनराकस!” ‘पंचायत’ मालिकेतला तोच तो, दुर्गेश कुमार. रस्त्याकडेला वीरा इंग्रजी गाण्यावर उड्या मारते आणि हा बावळ्यासारखा तिच्याबरोबर नाचायला लागतो. आमच्या गावातल्या पोरी सिनेमाचं नाव विसरतील पण तो नाच विसरणार नाहीत. रहमानच्या संगीतातलं ‘पटाखा गुड्डी’ लागलं तेव्हा टाळ्यांनी भजनी मंडळाचा साऊंडबॉक्स हरला. नूराँ भगिनींचा आवाजच तसा आहे, छत नसलेल्या जागेसाठी बनवलेला.

मग तो प्रसंग. वीरा महाबीरला सांगते, ती नऊ वर्षांची असल्यापासून घरी येणाऱ्या काकाबद्दल. परदेशी चॉकलेटं आणणाऱ्या. आईला सांगितलं तर आई म्हणाली, कोणाला बोलू नकोस.

आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसलो होतो. तीस-पस्तीस बायांचा शेंगा सोलण्याचा आवाज असतो एक, इतका वेळ तो चालूच होता. तो थांबला. पोरीचं बोलणं संपलं तरी सुरू झाला नाही. एक बाई उठली, चुलीवर दूध ठेवून आले म्हणाली. तिची गाय विकून दोन वर्षं झालीत. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेले, एवढंच इथं सांगते.

गटात हा सिनेमा दाखवायचा असेल तर याची तयारी ठेवून दाखवा. लहान पोरं बसवू नका; शिव्याही आहेत, पण शिव्यांमुळं नाही म्हणत मी. आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्याच पानावर १०९८ हा लेकरांसाठीचा मदतीचा नंबर लिहून ठेवलाय, आणि लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यावर पुढच्या बैठकीत कोणाला तरी बोलवायचं ठरलंय. सिनेमा दोन तास तेरा मिनिटांचा आहे. साडेसातला सुरू केला तर बाया मध्येच उठतात, स्वयंपाक राहिलेला असतो. सातच्या आत लावा.

आमच्याकडं मध्ये वीस मिनिटं लाईट गेली, ती नेमकी ट्रक डोंगर चढायला लागल्यावर. तेवढ्यात अर्ध्या बाया भांडून मोकळ्या झाल्या. बुढी मायचं म्हणणं, उचलून नेणारा माणूस चांगला कसा असू शकते? त्यानं तिला थापड मारली, कोठ्यावर विकीन म्हणाला, ते एका अंगाईनं पुसून निघते का? मी तिच्या बाजूची आहे. ही माझी मोठी तक्रार. महाबीरच्या आईचे हाल, त्याचं लहानपण, ‘सूहा साहा’ ही अंगाई, हे सगळं आतून येतं आणि मला रडायलाही आलं. पण पळवून नेणं हे सुटकेचं दार म्हणून दाखवताना दिग्दर्शकानं हात जरा जास्तच सैल सोडलाय. आमच्या भागातून कोणाची पोर ट्रकमध्ये घालून नेली तर पुढं अंगाई येत नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं बोलते. या दोघांचं त्यानं लग्न लावून दिलं नाही. डोंगरातल्या त्या घरात ती चूल पेटवते, झाडलोट करते, आणि ते बघून महाबीर बाहेर जाऊन रडतो. तिथं नवरा-बायको दिसत नाहीत. दोन लेकरं दिसतात, कोणी न सांभाळलेली.

शेवटचा भाग मला लांबला असं वाटलं. काश्मीर सुंदरच आहे, पण कॅलेंडर उलटल्यासारखं एकेक दृश्य येत राहतं. आणि मग गोळी. पोलीस येतात, महाबीर मरतो. टपरीवाल्या काकू म्हणाल्या, “गरीबच मरते बाप्पा, सिनेमात पण.” वीरा दिल्लीला जाते, सगळ्या घरासमोर त्या काकाला तोंडावर बोलते, बाहेरच्यांपासून जपायला शिकवलंत, घरातल्यांपासून का नाही असं विचारते. हा प्रसंग आलियानं असा केलाय की बुढी माय पुन्हा उभी राहिली, पण या वेळी पडद्यावर सावली पडली तर कोणी तिला बस म्हटलं नाही. पुढं पोरगी घर सोडून डोंगरात एकटी राहायला जाते. तेवढं मात्र पैशाचं काम आहे. काकूंना डोंगर कोण देणार?

तरी पाचपैकी साडेतीन देते. चार देणार होते, अर्धा बाबांनी रिकाम्या गाडीचा कापला.

घरी जाताना बॅटरी माझ्या हातात, खुर्ची त्यांच्या डोक्यावर. समाजमंदिर ते आमचं घर दहा मिनिटांची वाट. निम्म्या वाटेपर्यंत ते गप्प होते, समोर बघून चालत होते. मला वाटलं आता काही तरी सांगतील, आईबद्दल, नाहीतर त्या काकाबद्दल.

“बाई, त्या वरच्या घरापाशी ट्रक दिसला नाई.”

“नव्हता दिसला.”

“मंग सोडला कुठं त्यायनं? कोणाचा तरी असन न तो. हप्ते चालू असतीन.”

मी काही बोलले नाही. फाटकाची कडी काढताना ते स्वतःशीच म्हणाले, “तो आडू घेऊन गेला असन. क्लीनरच आनते गाडी परत.”